जेट इंजिन सुरू होताना बाहेर उभं राहणाऱ्यांसाठी: वर्धा रोडवरच्या एका क्लासबद्दल

वर्धा रोडवर, उज्ज्वल नगर मेट्रो स्टेशनच्या मागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत हा क्लास चालतो. शनिवार-रविवार सकाळी आठ ते अकरा. विषय एकच: विमानाचं जेट इंजिन सुरू कसं होतं आणि सुरू होताना काय काय बिघडू शकतं. फी साडेसहा हजार. बाहेर पाटी नाही, जाहिरात नाही, आणि नाव कुठे छापू नका असं सरांनी सांगितलंय म्हणून मीही ते लिहीत नाही. सोनेगावच्या विमानतळावर रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या आवारात, काम करणाऱ्या कुणालाही विचारा, पत्ता मिळेल.

मी स्वतः रॅम्पवर काम करते. पुशबॅकच्या वेळी, म्हणजे ट्रॅक्टर विमान मागे ढकलतो तेव्हा, हेडसेट लावून विमानाच्या नाकाशी उभी असते, कॉकपिटशी बोलते, मागे सगळं मोकळं आहे का ते पाहून इंजिन सुरू करायला हरकत नाही असं सांगते. नोकरीच्या ट्रेनिंगमध्ये कुठे उभं राहायचं, कोणती खूण कधी करायची, कोणते शब्द बोलायचे हे पक्कं करून घेतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्या दीड-दोन मिनिटांत इंजिनाच्या आत काय चाललेलं असतं हे कुणी बसून सांगत नाही. ते कळावं म्हणून मी फी भरली. सोबतची बहुतेक मुलं विमान देखभालीच्या लायसन्सची तयारी करणारी होती, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) मॉड्यूल १५ साठी, म्हणजे जेट इंजिनांच्या पेपरसाठी, आलेली. त्यांचं आणि माझं मत या क्लासबद्दल सारखं नाही, ते पुढे लिहिते.

सर वायुसेनेतून निवृत्त झालेले इंजिन फिटर आहेत. मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरातच असल्यामुळे वायुसेनानगरच्या आसपास अशी बरीच माणसं स्थायिक झालीत, पण शिकवता येणारी थोडी. सरांना येतं. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. टेबलावर एक कापलेला एअर टर्बाइन स्टार्टर ठेवला आणि प्रत्येकाला हातात घ्यायला लावला. दोन्ही हातांत मावेल एवढा डबा. त्यात एक छोटं टर्बाइन, गिअर आणि क्लच. एवढासा डबा एवढं मोठं इंजिन फिरवतो यावर माझा विश्वास बसेना. शेपटीतल्या एपीयूकडून, म्हणजे छोट्या मदतनीस इंजिनाकडून, दाबाखालची हवा येते, ती या छोट्या टर्बाइनला प्रचंड वेगाने फिरवते, गिअर तो वेग कमी करून जोर वाढवतात, आणि मग गिअरबॉक्समधून जाणारा एक उभा शाफ्ट इंजिनाचा आतला, जास्त दाबाचा रोटर फिरवतो. त्या रोटरच्या वेगाला एन२ म्हणतात. आपल्याला समोरून दिसतो तो मोठा पंखा, एन१, याला स्टार्टर हातही लावत नाही. आतल्या रोटरने ओढलेली हवा मागच्या टर्बाइनवरून वाहते आणि तिच्यामुळे पंखा फिरू लागतो. रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट आहे ही: एपीयूचा आवाज बदलतो, इंजिनातून घरघर येते, आणि पंखा मात्र जरा उशिरा हलतो. हा उशीर का, ते मला त्या खोलीत समजलं.

एअरबस ए३२० वरच्या सीएफएम५६ इंजिनाचा क्रम सरांनी आकड्यांसकट पाठ करून घेतला. एन२ साधारण १६ टक्क्यांवर गेला की इग्निशन चालू, २२ टक्क्यांवर इंधन, मग आग धरली की ईजीटी म्हणजे एक्झॉस्टच्या वायूचं तापमान चढायला लागतं, आणि ५० टक्क्यांवर स्टार्टरची हवा बंद. हे सगळं फॅडेक नावाचा संगणक करतो. बोइंग ७३७ च्या आधीच्या पिढीत, एनजीमध्ये, इंधनाचा लिव्हर वैमानिक स्वतःच्या हाताने उचलतो, एन२ २५ टक्के झाल्यावर, आणि स्टार्टर ५६ टक्क्यांना सुटतो. सर म्हणाले, "आकडे विसरले तरी चालतील, क्रम विसरू नका. आधी हवा, मग ठिणगी, मग इंधन." इंधनाने पेट घेतला म्हणजे काम झालं असंही नाही. त्या वेगाला टर्बाइनमधून निघणारी ताकद कॉम्प्रेसर फिरवायला पुरत नसते. इंजिन स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत स्टार्टरला ढकलत राहावं लागतं. तो मध्येच सुटला किंवा हवेचा दाब कमी पडला, तर आग जळत राहते, वेग मात्र वाढत नाही. याला हंग स्टार्ट म्हणतात. तसंच चालू ठेवलं तर तापमान चढत जातं.

हॉट स्टार्टचा, म्हणजे सुरू होताना तापमान मर्यादेबाहेर जाण्याचा, तास या क्लासमधला सगळ्यात उत्तम. सरांनी एक जळकी टर्बाइन ब्लेड फिरवली, टोकाला खाल्ल्यासारखी, कडा काळ्यानिळ्या. मग विचारलं: सीएफएम५६ ला टेक-ऑफच्या वेळी ईजीटी ९५० अंशांपर्यंत चालतं, मग जमिनीवर सुरू करताना मर्यादा ७२५ च का? खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. उत्तर हवेत आहे. इंजिनातून जाणाऱ्या हवेचा लहान भागच आगीत वापरला जातो, बाकीची हवा ज्वाला भिंतींपासून दूर ठेवते आणि पाती थंड ठेवते. टेक-ऑफला ही हवा भरपूर असते. सुरू होताना ती नुकती यायला लागलेली असते, धातू थंड असतो, आणि त्याच्यावर एकदम ज्वाला येते. शिवाय ईजीटी मोजणारे प्रोब पहिल्या टर्बाइनच्या बरेच मागे असतात, म्हणजे काट्यावर दिसतं त्याहून पुढची पाती जास्त तापलेली असतात. काही सेकंदांत लाखो रुपयांची पाती खराब होतात, आणि इंजिन त्यानंतरही छान चालतं. म्हणून तापमान किती वर गेलं आणि किती सेकंद राहिलं याची नोंद लपवायची नाही, यावर सर फार कळकळीने बोलले. पातं आज नाही तुटणार, पुढे कधीतरी उडताना तुटेल.

कारणं त्यांनी एकेक सोडवून दाखवली: एपीयूची हवा अशक्त, इंधन लवकर सोडलं, स्टार्टर लवकर सुटला, आधीच्या उड्डाणाची उष्णता आत अडकलेली, किंवा मागून वारा. मागचा वारा म्हणजे काय ते रॅम्पवाल्याला सांगायला नको. एक्झॉस्टमध्ये वारा शिरला की उभ्या विमानाचा पंखा उलटा फिरताना आपण पाहतो. आतल्या रोटरने ओढलेल्या हवेला आधी तो उलटा फेर थांबवावा लागतो. आणि नागपूरचा मे महिना याच तासात आला. ४५ अंशांत हवा विरळ होते, एपीयूकडून मिळणारी हवा कमी भरते, आणि मुळात सगळं तापलेलं असतं. दुपारच्या फ्लाइटला इंजिन पहाटेच्या तुलनेत आळसत सुरू होतं असं आम्ही आपसात म्हणायचो. आता त्यामागचं गणित ठाऊक आहे.

वेट स्टार्टबद्दल, म्हणजे इंधन आत गेलं पण पेटलंच नाही याबद्दल, मला आधीपासून एक कोडं होतं. एका रात्रीच्या फ्लाइटला पंखा फिरला, पण इंजिन काही आवाज धरेना. मागून पांढरं धुकं निघालं. कॉकपिटमधून शांतपणे सांगितलं गेलं की इंधन बंद केलंय, थोडा वेळ नुसतं फिरवतो. सुरू होत नाही ते इंजिन नुसतं का फिरवायचं, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. सरांनी घरातल्या गॅसचं उदाहरण दिलं: बटण उघडं, लायटर पेटला नाही, गॅस ओट्यावर पसरला, आणि आता तुम्ही परत लायटर मारता. इंजिनात तेच रॉकेलसारखं इंधन फवाऱ्याने आत पडलेलं असतं. म्हणून इंधन आणि इग्निशन बंद ठेवून स्टार्टरच्या हवेने सगळं उडवून बाहेर काढायचं, आणि मगच दुसरा प्रयत्न. ७३७ एनजीला लिव्हर उचलल्यावर १० सेकंदांत ईजीटी हलला नाही तर प्रयत्न सोडायचा, असा नियम आहे. त्यानंतर ठिणगी पाडणारा इग्नायटर बघायचा. क्लासमध्ये इग्नायटरही हातात दिला, पण आधी बजावून: याच्या डब्यातल्या कपॅसिटरमध्ये जीव घेईल एवढी वीज साठलेली असते, बंद केल्यावरही वेळ जाऊ द्यायचा आणि मगच हात लावायचा.

आता ज्या भागासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले तो. टेलपाइप फायर.

आत साचलेलं इंधन टर्बाइनच्या मागे पेटलं की एक्झॉस्टमधून ज्वाला बाहेर येते. कधी दोन हात, कधी त्याहून लांब. कॉकपिटमध्ये आगीची घंटा वाजत नाही. कारण आगीचे सेन्सर इंजिनाच्या गाभ्याबाहेर, कव्हरच्या आतल्या पोकळीत असतात. गाभ्याच्या आत तर नेहमीच आग असते, तिथे घंटा लावून उपयोग काय! म्हणजे वैमानिकाला फार तर ईजीटी उतरत नाही एवढंच दिसेल. आग दिसते ती बाहेरच्या माणसाला, टॉवरला, किंवा खिडकीतल्या प्रवाशाला. प्रवाशाला दिसली की गोंधळ होतो, लोक उठून दारांकडे धावतात, आणि त्यात हातपाय मोडतात. म्हणून कॉकपिटला पहिला शब्द बाहेरून, हेडसेटवरून जायला हवा: कोणतं इंजिन, आणि आग मागून आहे की कव्हरमधून. हा फरक फार महत्त्वाचा. कव्हरखालची आग असेल तर फायर पुशबटण, आग विझवायच्या वायूच्या बाटल्या, सगळं. टेलपाइपची असेल तर इंधन बंद आणि इंजिन फिरवत राहायचं, आग स्वतःच्याच हवेने विझते. त्या वेळी एअरबसमध्ये फायर पुशबटण दाबलं तर फॅडेकची वीज जाते आणि इंजिन फिरवताच येत नाही. बाटलीतला वायूही कव्हरमध्ये सुटतो, गाभ्यात पोचत नाही. खालून कुणी घाईने पावडर किंवा फोम आत मारला तर आग विझेलही, पण ते इंजिन उघडून साफ करावं लागेल. तो शेवटचा उपाय.

हे ऐकल्यावर मी विचारलं, "सर, मी नाकाशी उभी असते. मला इंजिनाचं तोंड दिसतं, शेपूट नाही. मग?" सरांनी खडू खाली ठेवला. "पोरी, हाच प्रश्न साऱ्यांनी विचाराले पाहिजे." आणि त्या दिवशीचा उरलेला वेळ त्यांनी फळ्यावर विमान काढून कोण कुठे उभं राहिलं तर काय दिसतं यावरच घालवला. पंखाच्या टोकाशी चालणाऱ्या सहकाऱ्याला मागचं दिसतं, पण त्याच्याकडे हेडसेट नसतो. त्याच्या-माझ्यात आगीची खूण आधीच ठरलेली असावी, आणि इंजिन सुरू होताना मी अधूनमधून त्याच्याकडे बघावं. आमच्या शिफ्टमध्ये आता पुशबॅकच्या आधी आम्ही एकमेकांना ती खूण करून दाखवतो. परीक्षेला आलेल्या मुलांना तो तास वाया गेला असं वाटलं. मला साडेसहा हजार तिथेच वसूल झाले.

हातांच्या खुणांवर बोलताना सरांनी मुंबईची गोष्ट सांगितली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई विमानतळावर पुशबॅकच्या वेळी एअर इंडियाचे एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढले जाऊन मरण पावले. सरांनी ती घटना रंगवली नाही. फक्त म्हणाले की इंजिन चालू आहे की बंद, हे आवाजावरून ठरवू नका, दुसऱ्या विमानाच्या आवाजात कळत नाही. विमानावरचा लाल दिवा, बीकन, बघा. तो फिरत असेल तर इंजिन चालू आहे असंच समजायचं.

एपीयू बंद असताना काय करायचं यावरही चांगला वेळ दिला. खालून एअर स्टार्ट युनिट, म्हणजे दाबाखालची हवा देणारं यंत्र, लावून एक इंजिन विमान उभं असतं त्या बेवरच सुरू करायचं, आणि दुसरं पहिल्याच्या हवेवर. त्यासाठी पहिल्याची ताकद वाढवावी लागते, म्हणजे मागे ट्रॉली, शिडी, माणूस काही नको. स्टार्ट व्हॉल्व्ह अडकला तर तंत्रज्ञ कव्हरमधल्या छिद्रातून हत्यार घालून तो हाताने उघडतो आणि कॉकपिटने सांगितलं की बंद करतो. तो बंद झालाच नाही तर स्टार्टरला हवा मिळतच राहते आणि तो बेफाम फिरून फुटू शकतो. अशा वेळी हवेचा पुरवठाच तोडायचा.

ए३२० निओबद्दल, म्हणजे ए३२० च्या नव्या पिढीबद्दल, प्रवासी नेहमी विचारतात की बसून इतका वेळ झाला तरी इंजिन का सुरू होत नाही. इंजिन बंद झाल्यावर आतली गरम हवा वर चढते, रोटरची वरची बाजू खालच्यापेक्षा गरम राहते आणि रोटर किंचित वाकतो. तसाच फिरवला तर पाती आतल्या भिंतीला घासतील. म्हणून आधी हळू फिरवून तापमान सगळीकडे सारखं करतात. २०१६ साली निओच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांना यात सुरुवातीला मिनिटं जायची, नंतर सुधारणा होऊन तो वेळ कमी झाला. हे मी आता प्रवाशाला चार वाक्यांत सांगू शकते.

एक छोटासा आनंदाचा भाग: जुन्या कॅनबेरा विमानांची इंजिनं काडतूस उडवून सुरू करत, काळा धूर निघे, हे सरांनी स्वतः पाहिलेलं. वायुसेनेने ती २००७ मध्ये निवृत्त केली. आणि आपल्या विमानतळाजवळच्या मिहानमधली विमान देखभालीची हँगर्स बोइंगने बांधून दिली, त्याच बोइंगच्या ७८७ मध्ये स्टार्टरची हवाच नाही, इंजिनावरचे जनरेटरच मोटर बनून इंजिन फिरवतात. काडतुसापासून विजेपर्यंतचा हा सगळा प्रवास एका माणसाच्या नोकरीच्या काळात झाला, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता जे खटकलं ते. टर्बोप्रॉपला, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या इंजिनाला, फारच कमी वेळ दिला. पीटी६ सारख्या इंजिनात बॅटरी अशक्त असली की हॉट स्टार्ट कसा होतो, हे अर्ध्या तासात उरकलं, आणि आपल्याकडे छोटी चार्टर विमानं, एअर अँब्युलन्स येत असताना हे बरोबर नाही. विजेच्या भागासाठी दुसरे एक सर येतात, ते पडद्यावरची पानं वाचून दाखवतात. प्रश्न विचारला की "पुढे येईल" म्हणतात, पण पुढे ते येत नाही. नोट्स जुन्या, झेरॉक्सची झेरॉक्स, आकृत्यांमधली अक्षरं पुसट. खरं इंजिन चालताना दाखवायची सोय नाही, सगळं व्हिडिओ आणि संगणकावरच्या सरावावर. पडद्यावरच्या काट्यांवर तापमान चढताना बघून "आता बंद" असं ओरडायचा तो सराव छान आहे, पण संगणक दोनच, त्यामुळे नंबर लागेस्तोवर वेळ जातो. उन्हाळ्यात एक कूलर दोन खोल्यांना पुरत नाही.

मॉड्यूल १५ च्या मुलांनी हे लक्षात घ्यावं की इथे पर्याय निवडायचे प्रश्न घोकून घेत नाहीत. ७५ टक्के मिळवायला लागणारा सगळा अभ्यासक्रम इथे होत नाही, इंजिनाच्या स्टार्टिंग आणि इग्निशनचा भागच होतो. तो भाग मात्र असा होतो की प्रश्न उलटासुलटा आला तरी उत्तर सापडेल. बाकीच्या तयारीसाठी दुसरीकडे जावंच लागेल, आणि दोन्हीकडे पैसे भरायची तयारी नसेल तर आधी विचार करा.

रॅम्पवर हेडसेट लावणाऱ्यांना, पंखाशी चालणाऱ्यांना, टो ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनाही मी म्हणेन की जा. कंपनीने आपल्या माणसांची फी भरली तर सर बॅचला थोडी सूट देतात, आमच्यातल्या काहींना मिळाली. मराठीत शिकवतात, मध्ये हिंदी येते, इंग्रजी शब्द तेवढे आपण रोज वापरतो तेच. रात्रपाळी करून येणाऱ्यांना मागच्या बाकावर बसू देतात, पण झोपू देत नाहीत.

नाव नोंदवताना तुम्ही रॅम्पवर काम करता की परीक्षेसाठी येता हे आधीच सांगा. रॅम्पवाले पाच-सहा झाले तर टेलपाइप फायरचा तास सर वेगळा, जास्त वेळ घेतात, आणि त्या दिवशी विद्यार्थ्यांना वाहनतळावर विमानाएवढ्या अंतरावर उभं करून खुणांचा सराव करून घेतात. तो तास चुकवू नका. सुट्टी काढावी लागली तरी काढा.